अर्धेलीचे भात आणि गिरणगावची चूल

रत्नागिरी जिल्ह्याविषयी लिहावयास बसले म्हणजे लेखणी आपोआप आंब्याच्या बागांकडे, नाही तर जिल्ह्याने देशाला दिलेल्या थोर पुरुषांच्या नामावळीकडे वळते. या दोन्ही वाटा इतक्या मळलेल्या आहेत की त्यांवर आमच्या पावलांची भर घालण्याचे प्रयोजन नाही. आम्ही वाचकांस तिसऱ्याच एका वाटेने नेऊ इच्छितो. ही वाट भाताच्या खळ्यावरून निघते, बंदरावर येते, आगबोटीत चढते आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरून लालबाग-परळच्या चाळींत शिरते. जमिनीचा लढा जमिनीवर लढला जातो, अशी आपली साधारण समजूत आहे. रत्नागिरीच्या कुळाच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे. त्याची जमीन जिल्ह्यात होती, पण तिच्याविषयी तोंड उघडण्याचे धैर्य त्याला पुष्कळ अंशी शहरात मिळाले. हे कसे घडले, याचा इतिहास सुसंगतपणे क्वचितच सांगितला जातो.

प्रथम खोतीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कारण आजच्या सुशिक्षित घरांतील तरुणांस 'खोत' हे केवळ एक आडनाव वाटते. कोकणातील बहुसंख्य गावांत सरकार आणि शेतकरी यांच्या मध्ये खोत नावाचा वतनदार उभा असे. गावचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची, आणि कुळांकडून वसूल करण्याचा अधिकारही त्याचाच. सरकारात भरावयाचे ते रोख आणि कुळाकडून घ्यावयाचे ते बहुधा धान्याच्या रूपाने; या दोहोंतील अंतर म्हणजे खोताचा फायदा. ज्यांचा हक्क जुना व पक्का, ते धारेकरी. ते ठरलेला धारा देऊन मोकळे होत. त्यांच्या खाली नाना प्रकारची कुळे, आणि सर्वांत खाली उपरी कूळ. याला भाताच्या पिकाचा अर्धा वाटा खोताच्या घरी पोचवावा लागे. हीच अर्धेल. वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीचा वाटा पुष्कळदा तिसरा असे, म्हणून ती तिर्धेल. कोठे कोठे वाट्याऐवजी ठरीव धान्य द्यावयाचे असे. त्याला खंड म्हणत. हा खंड शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

अर्ध्या वाट्याचा हिशेब कागदावर सोपा दिसतो. अडचण मोजण्यात होती. पीक उभे असतानाच खोत किंवा त्याचा माणूस शेतावर येऊन अंदाज बांधी. याला अभावणी म्हणत. अंदाज जास्त झाला तर तूट कुळाच्या पोटातून निघे. त्याशिवाय वेठ होती. खोताच्या शेतावर ठरलेल्या दिवशी फुकट राबावयाचे, नांगर-बैल घेऊन जावयाचे, घर शाकारावयाचे, पालखी वाहावयाची. या सर्व देण्याघेण्याचा परिणाम एका वाक्यात सांगता येतो: भात पिकवणारा नाचणी खाई. कोकणातील कुणब्याच्या व महाराच्या घरी तांदळाचा भात सणावारी शिजे, आणि तोच तांदूळ त्यांनीच चिखलात उभे राहून लावलेला असे.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. १८५१ मध्ये कॅप्टन विंगेट यांनी या जिल्ह्याच्या स्थितीवर अहवाल दिला. पुढे पाहणी होऊन कुळांचे हक्क कागदावर नोंदले जाऊ लागले, तेव्हा खोत मंडळी खवळली. अर्ज झाले, कज्जे झाले, आणि अखेर १८८० साली खोतीचा कायदा झाला. १८४५-४६ सालापासून जमीन अखंड कसणाऱ्या कुळास त्यात काही संरक्षण मिळाले. पण इतकी जुनी वहिवाट शाबीत करावयाची कोणत्या कागदावरून? कागद खोताच्या दप्तरात, अक्षरओळख खोताच्या घरात, आणि साक्षीदार खोताच्याच गावात.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. शहरात संघटना करून गावातील हक्क राखावयाचा, ही युक्ती प्रथम कुळांनी नव्हे तर खोतांनी वापरली. पुण्यामुंबईचे वकील, वर्तमानपत्रे, कायदेमंडळातील सभासद हे त्यांच्या नात्यागोत्यातले होते. विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारख्या विद्वानाने खोतांची बाजू कायद्याच्या आधाराने मांडली. आणि १८९९ साली खोतीच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे बिल आले, तेव्हा 'केसरी'नेही खोतांचाच पक्ष घेतला. टिळकांचे घराणे दापोली तालुक्यातील चिखलगावचे, खोती वतनात त्यांचाही अंश होता, हे सर्वश्रुत आहे. तेवढ्यावरून त्यांच्या हेतूविषयी शंका घेणे आम्हांस रास्त वाटत नाही. परकी सरकार जुन्या वतनांवर हात टाकते, आज खोतांचे गेले तर उद्या आणखी कोणाचे जाईल, ही त्यांची भीती खरी होती. शिवाय वाटण्या होता होता पुष्कळ खोतांच्या वाट्याला आणेलीही उरली नव्हती. मुंबईत कारकुनी करून घर चालवणारे खोत थोडे नव्हते. हे सर्व मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्या सगळ्या वादात कुळाचे स्वतःचे असे एकही पत्र नव्हते. त्याच्या वतीने बोलत होते ते इंग्रज अधिकारी. ज्याचे गाऱ्हाणे परक्याच्या तोंडून मांडले जाते, त्याच्याविषयी स्वकीयांच्या मनात सहानुभूतीऐवजी संशयच उत्पन्न होतो, आणि येथे तसेच झाले.

आता आपण आगबोटीकडे येऊ. मुंबईत गिरण्या निघाल्या त्या १८५४ नंतर. कोकणातील डोंगराळ, पाण्याने धुपलेल्या जमिनीवर जिल्ह्याचे पोट भरत नव्हते, आणि जे पिके त्याचा अर्धा वाटा घराबाहेर जाई. तेव्हा तरुण माणसे हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग या बंदरांवरून मुंबईस जाऊ लागली. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या पावणेआठ लाख वस्तीपैकी सुमारे सव्वा लाख माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. (त्या काळच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही मोडे, तो १९८१ साली वेगळा झाला.) म्हणजे शहरातील सहा-सात माणसांमागे एक माणूस या एका जिल्ह्यातला. जगातील दुसऱ्या कोणत्या मोठ्या शहराचा एवढा भार एकाच जिल्ह्याने वाहिला असेल असे आम्हांस वाटत नाही.

या माणसाला गावी चाकरमानी म्हणत. त्याची बायको, आई-बाप, गुरे गावीच राहत. दरमहा मनिऑर्डर येई, आणि या मनिऑर्डरीतच आमच्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. जी जमीन कसून कुळाचे पोट भरत नाही, ती जमीन ते टाकून का देत नाही? अर्थशास्त्राच्या नियमाप्रमाणे खोताला वाटा कमी करणे भाग पडावयास हवे होते. पण तसे झाले नाही. कारण जमिनीच्या खोटीची भर गिरणीच्या पगारातून होत होती. परळच्या साचेखात्यात बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाचा घाम मनिऑर्डरीच्या रूपाने गावी जाई, आणि त्यातील काही भाग सावकाराचे व्याज, काही देवाचे कार्य आणि काही खोताची बाकी यांत मुरे. खोताची अर्धेल अशा रीतीने अर्धी मुंबईत पिकत होती.

उलट बाजूने पाहिले तर गिरणीमालकाचाही यात फायदा होता. कामगाराचे कुटुंब गावी जगते म्हणून त्याला एकट्यापुरता पगार दिला तरी चाले. आजारी पडला, म्हातारा झाला, काम सुटले, की त्याचा भार गाव उचली. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा जो मोठा संप झाला, त्या वेळी हजारो कामगार बोटींनी कोकणात गेले आणि नाचणीची भाकरी खाऊन संप टिकवता झाले. तेव्हा ज्याला गावात खोताशी वाकडे घ्यावे लागले असेल, त्याला शहरात मालकाशी वाकडे घेण्याची सोय उरत नसे, हे उघड आहे. दोन्ही दोर एकाच गाठीला बांधलेले होते. हे ज्यांना प्रथम उमगले, त्यांनी पुढचा इतिहास घडवला.

चाळीच्या अंतर्भागाविषयी येथे चार शब्द लिहिले पाहिजेत. एकटे राहणारे हे पुरुष जेवत कोठे? त्यांच्याकरिता खाणावळी होत्या. गिरणगावातील कितीतरी स्त्रिया, कोणी विधवा, कोणाचा नवरा बेकार, आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत दहा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण रांधीत. आमटी-भात, भाकरी, कधी सुकी मासळी. पैसे पगाराच्या दिवशी. संप झाला तरी बाई जेवू घालीत असे. वाण्याची उधारी ती आपल्या अंगावर घेई, प्रसंगी मंगळसूत्र गहाण टाकी. संपांच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे आहेत, मागण्यांच्या याद्या आहेत, लवादांचे निवाडे आहेत. ही चूल मात्र बहुतेक इतिहासकारांच्या नजरेआडच राहिली. आमच्या मते गिरणगावातील पहिली लोकसंस्था हीच. दुसरी गावकीची खोली. एका गावची माणसे एका खोलीत भाड्याने राहत, भिंतीवर ट्रंका रचलेल्या असत, पाळीपाळीने झोपत. आणि तेथेच गावाचे बरेवाईट बोलले जाई. गावात खोताच्या ओटीसमोर जे बोलता येत नसे, ते या खोलीत बोलता येई, कारण येथे खोत नव्हता आणि येथील भाकरी त्याच्या जमिनीतली नव्हती. याच खोल्यांतून पुढे गावोगावची ग्रामस्थ मंडळे निघाली, कुणबी समाजोन्नती संघासारख्या जातिसंस्थांना सभासद मिळाले, आणि परळच्या दामोदर हॉलात भरणाऱ्या सभांना श्रोते मिळाले.

डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. रत्नागिरी जिल्ह्याची खोती त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. १९२९ च्या एप्रिलात चिपळूण येथे रत्नागिरी जिल्ह्याच्या शेतकऱ्यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. या परिषदेचे महत्त्व असे की, तीत महार व कुणबी एकाच मांडवाखाली एकाच गाऱ्हाण्यासाठी बसण्याचा प्रसंग आला. पाणवठ्यावर एकमेकांची सावली टाळणारी ही माणसे. पण खोताच्या मापापुढे दोघांची पोती सारखीच हलकी भरत. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर हे कार्यकर्ते या कामात पुढे आले. त्यांपैकी पुष्कळ जण जन्माने पांढरपेशे होते, ही गोष्ट आमच्या वाचकवर्गाने अवश्य ध्यानात घ्यावी.

शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात तर याहून मोठी गोष्ट घडली. अलिबाग तालुक्यातील चरी या गावी १९३३ च्या ऑक्टोबरात कुळांची सभा भरली, आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसावयाच्या नाहीत असा निश्चय झाला. गिरणीचा संप आपण समजू शकतो. यंत्र थांबते, सूत निघत नाही, मालकाचे नुकसान होते. परंतु शेतकऱ्याने शेत न पेरणे म्हणजे आपल्याच मुलांच्या तोंडचा घास काढून घेणे. आसपासच्या पंचवीस गावांनी हे केले, आणि एक-दोन हंगाम नव्हे, सुमारे सहा वर्षे केले. जंगलातील मोळ्या विकून आणि मिळेल ती मजुरी करून माणसे जगली. जेथे भात डोलावयाचे तेथे गवत वाढले. या लढ्याची बाजू मांडण्यासाठी १९३७ साली 'कृषीवल' पत्र निघाले. म्हणजे १८९९ साली जे कुळापाशी नव्हते ते आता त्याच्यापाशी आले.

त्याच वर्षी, १९३७ च्या सप्टेंबरात, आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. बिल अगदीच आततायी नव्हते. खोतास योग्य मोबदला द्यावा, आणि कुळाचा सरकारशी सरळ संबंध जोडावा, एवढेच त्याचे सार. परंतु बिल मांडणे निराळे आणि ते पुढे ढकलण्यास सत्ताधाऱ्यांस भाग पाडणे निराळे. म्हणून १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेण्यात आला. आज जेथे राज्याच्या पोलीस महासंचालकांची कचेरी आहे, त्या इमारतीत त्या वेळी कायदेमंडळ भरे. कोकणातून माणसे बोटींनी आली; वीस हजारांच्या आसपास लोक जमले असावेत. खांद्यावर घोंगडी, कमरेला पंचा, पायांत वहाण नाही. ज्या शहरात आपला मुलगा किंवा भाऊ गिरणीत राबतो ते शहर यांतील कित्येकांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले असेल. उतरावयास गावकीच्या खोल्या होत्या, आणि जेवावयास चाळींतील चुली होत्या. मोर्चे पुढाऱ्यांच्या हाकेने निघतात हे खरे. पण वीस हजार माणसे परक्या शहरात एक रात्र काढू शकतात ती ओळखीच्या उंबरठ्यांवर.

मोर्च्याचे शिष्टमंडळ ज्यांना भेटले ते प्रांताचे पंतप्रधान (त्या काळी प्रांताच्या मुख्यासही ही पदवी असे) बाळासाहेब खेर. त्यांचा जन्म रत्नागिरीचाच. बिल आणणारा मंडणगडकडला, बिल ज्यांच्या हाती ते रत्नागिरीचे, आणि दाराशी उभी राहिलेली माणसे चिपळूण-खेड-गुहागरची; म्हणजे एका जिल्ह्याचे घरगुती भांडण मुंबईच्या रस्त्यावर आले होते असे म्हटले तरी चालेल. खेरांनी सहानुभूतीने विचार करण्याचे आश्वासन दिले. बिलाचा कायदा झाला नाही. खेर हे सज्जन गृहस्थ होते, त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु सज्जनपणाला तहकुबीची सवय फार लवकर लागते. १९३९ साली कुळांच्या संरक्षणाचा एक कायदा झाला आणि त्यास चरीचा संप पुष्कळ अंशी कारण झाला. लगेच नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला आणि पुढल्या वर्षी अमलात आला. त्या वेळी पुन्हा खेरच मुख्यमंत्री होते.

१९५७ च्या १ एप्रिल रोजी, जो कृषकदिन म्हणून ओळखला जातो, कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. पण येथे चाकरमान्याच्या नशिबाने एक विचित्र पेच टाकला. कसणारा कोण? ज्याचे नाव पिकाच्या नोंदीत असेल तो. ज्याने पंचवीस वर्षे गिरणीत राबून जमिनीची बाकी फेडली तो नोंदीच्या दिवशी लालबागेस होता. त्याची बायको चिखलणी करीत होती, परंतु तिचे नाव लिहावयाची रीत नव्हती. चाळीत मिळालेल्या धैर्याच्या जोरावर जो हक्क पदरात पडावयाचा, तो काहींच्या हातून चाळीत राहिल्यामुळेच निसटला.

अन्नाचा प्रश्न मात्र कायद्याने सुटणारा नव्हता. मुंबईचा गरीब माणूस ब्रह्मदेशाच्या तांदळावर जगत असे. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेले आणि तो तांदूळ बंद झाला. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले. तेव्हापासून कार्ड, रांग आणि माप या तीन गोष्टी शहरातील स्त्रियांच्या आयुष्यात शिरल्या. गावी खोताच्या मापाशी भांडणाऱ्या बाईची सून आता शिधादुकानदाराच्या मापाशी भांडू लागली. १९७२ च्या दुष्काळात धान्य, तेल, रॉकेल यांचे भाव भडकले, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी निरनिराळ्या पक्षांच्या असूनही महागाईविरुद्ध संयुक्त समिती उभारली, आणि हजारो गृहिणी हातात लाटणी व थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. आमच्या मध्यमवर्गातील पुष्कळ घरांतील स्त्रिया राजकारणाच्या निमित्ताने उंबरठ्याबाहेर पडल्या त्या या लाटण्याच्या मोर्च्यात. त्याला हसणारे लोक तेव्हाही होते. स्वयंपाकघरातील उपकरण रस्त्यावर आणणे ज्यांना हास्यास्पद वाटले, त्यांनी त्या उपकरणाखाली किती पीठ उरले आहे याची चौकशी केली नव्हती.

याच सुमारास खाणावळवालीचेही नाव प्रथम कागदावर आले. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या व गिरणगावात काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. वाण्याच्या व सावकाराच्या व्याजात बुडालेल्या या स्त्रियांस, एकमेकींच्या जामिनावर, राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे हे त्याचे पहिले काम. तारण काय, असे बँकेने विचारले तर दाखवावयास यांच्याजवळ एक चूल आणि दररोज जेवावयास येणारी माणसे एवढेच होते. पण कर्ज फिटले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा तो शेवटचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि १९२८ प्रमाणेच पुष्कळांनी कोकणची वाट धरली. या खेपेस बहुतेक परत आले नाहीत. परत येण्यास गिरणी उरली नाही. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, आणि जो माणूस गावी जमिनीकरिता लढून शहरात आला होता तो शहरातील जमिनीच्या भांडणात म्हाडाच्या सोडतीचा चिठ्ठीधारक झाला.

परंतु आगबोटीची वाट उलट दिशेनेही चालते, आणि या भागाकडे अलीकडच्या लेखकांचे लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. १९९२ साली रत्नागिरी शहराला लागून असलेली सुमारे पाचशे एकर जमीन औद्योगिक महामंडळाने स्टरलाइट कंपनीस तांबे गाळण्याच्या कारखान्यासाठी दिली. गंधकाचा धूर आंब्याच्या मोहोरावर आणि सांडपाणी खाडीतील मासळीवर जाईल, या भीतीने शहर उठले. बागायतदार, मच्छीमार, शिक्षक, डॉक्टर, दुकानदार अशी, एरवी एका पंगतीस न बसणारी माणसे एकत्र आली. १९९३ च्या जुलैत जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकाम थांबविण्यास सांगितले, आणि कारखाना पुढे तमिळनाडूत तुतिकोरिन येथे गेला. रत्नागिरीकरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तुतिकोरिन येथे २०१८ च्या मे महिन्यात त्याच कारखान्याविरुद्ध मोर्चा निघाला असता गोळीबारात तेरा माणसे मेली, व मग तो बंद झाला. आपल्या दारातून गेलेली पीडा दुसऱ्याच्या दारी बसली, हे रत्नागिरीच्या विजयकथेत फारसे कोणी सांगत नाही. आम्हांस ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

त्यानंतर राजापूर तालुक्यात माडबनचा अणुवीज प्रकल्प, नाणारचा तेलशुद्धीकरण कारखाना (त्याची अधिसूचना २०१९ च्या मार्चात रद्द झाली), आणि मग बारसूचा सडा, असे प्रसंग एकामागून एक आले. या सड्यांवर शेकडो, कदाचित हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पे आहेत. बारसूसह कोकणातील अशा स्थळांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ साली झाला. प्रत्येक प्रसंगी एक दृश्य पुन्हा दिसले: गावच्या बैठकीबरोबर मुंबईतही बैठक होई, आणि 'मुंबईकर ग्रामस्थ' काय म्हणतात यास गावच्या मताइतकेच वजन असे. याचे कारण केवळ भावनेचे नाही. एकेका सातबारावर तीस-चाळीस वारसांची सामाईक नावे आहेत, आणि त्यांतील निम्मे लालबाग, विरार, डोंबिवली, नालासोपारा येथे राहतात. कारखाने पाहिजेत की नकोत या वादात प्रामाणिक माणसे दोन्ही बाजूंस आहेत. रोजगारासाठी पाच पिढ्या घर सोडावे लागलेल्या जिल्ह्यात कारखान्याचे नाव ऐकून ज्याचे डोळे चमकतात, त्याला देशद्रोही किंवा मूर्ख ठरवणे आम्हांस मान्य नाही. प्रश्न इतकाच की, अभावणी कोणी करावयाची.

आणि आता हवाही भांडणात उतरली आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या आंबा-सुपारीच्या बागा झोपवल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी व शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले, आणि बाजारपेठ पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली. कोयनेची वीज तयार झाल्यावर घाटावरचे पाणी याच वाशिष्ठीत सोडले जाते; म्हणजे राज्यास दिवे मिळतात आणि नदीच्या पात्रात भर पडते ती चिपळूणच्या. पूर ओसरल्यावर सरकारने निळ्या व लाल पूररेषा दाखवल्या, आणि रेषेच्या आत आलेल्या घरमालकांस बांधकामाची बंदी दिसू लागली. नदीतील गाळ काढा, मग आमच्या घरांवर रेषा ओढा, असे म्हणून नागरिकांनी चिपळूण बचाव समितीच्या वतीने डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण केले. व्यापारी, वकील, कार्यकर्ते, गृहिणी पाळीपाळीने बसत. गाळ काढण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. १९२९ साली ज्या गावात कुळांची परिषद भरली, त्याच गावात नव्वदीपार झालेल्या काळाने, ज्यांच्या पणजोबांपैकी काही खोत असतील आणि काही कुळे, अशी माणसे एका मांडवात बसली, हे पाहून आम्हांस मौज वाटली.

खोताच्या वाड्यांपैकी पुष्कळांची आता जोती उरली आहेत, आणि वारस पुण्यामुंबईस आहेत. कुळांची घरे गणपतीत व शिमग्यात उघडतात. तलाठ्याच्या कचेरीत जाऊन सातबाराचा उतारा मागितला तर छापील नमुन्यात एका रकान्याचे शीर्षक दिसते: कुळ, खंड व इतर अधिकार. खंड आता कोणी कोणास देत नाही. तरीही कित्येक उताऱ्यांत त्या रकान्यात एखाद्या मेलेल्या माणसाचे नाव अजून लिहिलेले सापडते, आणि ते तेथे कसे आले हे त्याच्या नातवास विचारले तर तो म्हणतो, आजा मुंबईस गिरणीत होता, एवढेच ठाऊक आहे.